घाडीमावशींची पहिली पातळी

"ओ घाडीमावशी! सोडा त्याका! मरात तो!"

सकाळचे साडेसहा. तळमजल्यावरचे परबकाका नळापाशी उभे, तोंडातला ब्रश काढून दुसऱ्या मजल्याकडे रोखलेला, आणि आवाज असा की लालबागच्या पुलावर टॅक्स्या थांबल्या. मी थांबलेल्या पाहिल्या नाहीत, पण थांबल्याच असणार. वरून, म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतून, एकामागून एक चार किंकाळ्या येत होत्या. पहिली दोरीवर चालल्यासारखी सरळ. दुसरी जिना चढणारी. तिसरी विहिरीत उतरून परत वर येणारी. चौथी डोक्यात पाटा पडल्यासारखी.

"मा! मा! मा! मा!"

मग मावशी गॅलरीत आल्या. कानात इयरफोन, हातात लाटणं, चेहऱ्यावर काहीही नाही.

"कोणाक मारूक नाय, परबानू. चार सूर घेतंय. शब्द एकच. पयल्या सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडो, चौथ्यात शिवी."

परबकाकांनी थोडा विचार केला. "मग शिवी तेवडी हळू घेवा," ते म्हणाले. "बायको अजून निजली हा."

अशा रीतीने आमच्या चाळीत चिनी भाषेचं आगमन झालं.

घाडीमावशी तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. उंची चार फूट दहा इंच, पण आवाज धरला तर सहा फूट. एकतीस वर्षं त्यांनी खानावळ चालवली. सुरुवातीला गिरणीकामगार जेवायचे, मग गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी गळ्यात पट्टे अडकवलेली लोअर परळची ऑफिसची पोरं यायला लागली. मावशींनी दोघांना सारखंच वागवलं. जेवताना बोललेलं त्यांना खपायचं नाही. एका साहेबाने जेवता जेवता फोनवर मीटिंग सुरू केली, तेव्हा मावशींनी त्याच्या हातातून फोन घेतला, समोरच्याला "तो जेवता हा" असं सांगितलं आणि फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला. समोर परदेशातले बारा लोक होते म्हणतात. बाराही जण त्याचं जेवण होईपर्यंत गप्प बसले.

त्यांची एक खासियत जाणकारांना माहीत होती. मावशी स्वयंपाक चाखून बघत नसत. ऐकत. तव्यावर बांगडा पडला की त्या पाठ करून दुसरं काम करायच्या, आणि आवाज बदलला की न बघता उलटायच्या. "आधी कान, मगे डोळे," हे त्यांचं धोरण होतं. मसाला कांडून आणायला गेल्या तरी बाहेर उभं राहून कांडपाचा आवाज ऐकायच्या आणि आतल्या माणसाला ओरडून सांगायच्या, "मिरची ओली हा!" तो माणूस त्यांना बघून शटर अर्धं ओढायचा.

आता हा चीन कुठून आला ते सांगतो.

मावशींचा एकुलता एक मुलगा संतोष. यंत्रांचे सुटे भाग मागवणाऱ्या एका कंपनीत होता, कामासाठी चार वर्षं तिकडे राहिला आणि येताना बायको घेऊन आला. तिचं नाव लिन. लग्न चाळीतल्या अंगणातच झालं. आमच्याकडे नवरा मुलगा ताटातल्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो. चाळीने एकमताने 'लीना' ठरवलं होतं. संतोषने अंगठी तांदळाला टेकवली, तेवढ्यात त्या पोरीने त्याचा हात हळूच बाजूला केला आणि स्वतःच्या बोटाने तांदळात आठ रेघा ओढल्या. भटजी मागे सरकले. त्यांना वाटलं, काहीतरी जादूटोण्याचं यंत्र काढलं.

मावशी मात्र पुढे वाकल्या. "ह्यां काय गे?"

"माझं नाव," लिन म्हणाली. "हे झाड. हे झाड. दोन झाडं, म्हणजे रान."

मावशींनी ताटाकडे पुष्कळ वेळ बघितलं. मग भटजींना म्हणाल्या, "आमच्या लिपीत झाड लिवला तर झाड दिसत नाय." नाव लिनच राहिलं.

संतोष महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. लिन घरी बसून लॅपटॉपवर तिकडच्या कुठल्यातरी कंपनीच्या ऑर्डरी सांभाळायची. म्हणजे दीडशे चौरस फुटांत सासू आणि सून. मराठी ती सासूकडूनच शिकली, त्यामुळे तिची मराठी सावंतवाडीत कुणालाही कळली असती आणि दादरच्या शिवाजी पार्कात कुणालाही कळली नसती. दोघींचं पटायचं. कालवणातल्या मिरचीवरून भांडण व्हायचं, पण त्यात सून जास्त मिरची मागायची, त्यामुळे चाळीला ते भांडण समजून घ्यायला अवघड जायचं.

आणि तरीही मावशींना घोर लागला होता. तो त्यांनी फक्त मला सांगितला, कारण आमच्यातली भिंत इतकी पातळ होती की न सांगताही मला कळलंच असतं.

"विलास," त्या म्हणाल्या, "तिची आई तिका दिवसातून धा वेळा लिवता. फोन टेबलावर असता, उजेड पडता, चौकोन चौकोन येतत. कदी त्यात लिवलेला आसतला, परत ये म्हणून. काम तिचा खयनय होता. संतोषय वीस दिवस भायर. हंय बांधून ठेवणारा काय असा? मी?"

"मग विचारा की तिला, मावशी."

"इचारलंय तर खोटा सांगतली. चांगली पोर हा. चांगल्या पोरी खोटाच सांगतत."

म्हणून त्यांनी चिनी वाचायला शिकायचं ठरवलं. सरळ हिशोब. फोनमध्ये भाषांतर करणारी सोय असते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू तिच्या पेटीचं कुलूप फोडायला सुचवतोय. "फोनाक हात लावूचय नाय," त्या म्हणाल्या. "उजेड पडलो तर डोळे मिटूचय नाय." या दोन वाक्यांच्या मधली जी चिंचोळी जागा आहे, तिच्यात मावशींची सगळी नीतिमत्ता अंग चोरून बसली होती.

गंमत म्हणजे हत्यार त्यांना लिननेच आणून दिलं. तिला वाटलं, सासू प्रेमापोटी शिकतेय, आणि त्यात तिची तशी चूकही नव्हती. तिने माहेरून पायरीपायरीने वाचायची छोटी पुस्तकं मागवून घेतली. पहिली पातळी, तीनशे अक्षरं. पूर्ण गोष्ट, पण त्या तीनशेच्या बाहेर एकही अक्षर नाही. प्रत्येक पुस्तकाबरोबर तीच गोष्ट एका बाईच्या आवाजात. पद्धत अशी की आधी नुसतं ऐकायचं, मग ऐकता ऐकता अक्षरांवर बोट फिरवायचं, आणि शेवटी आवाज बंद करून नुसतं वाचायचं. मावशींना हे शिकवावं लागलं नाही. बांगड्याचंच तंत्र होतं.

पहिल्या पुस्तकाचा नायक शाओ वांग. त्याची छत्री हरवते. एवढीच गोष्ट, पण पानं बासष्ट. कारण ज्या माणसाला तीनशेच अक्षरं येतात, तो छत्री शोधणार तरी कशी? 'कोणी चोरली का' असं त्याला विचारता येत नाही, 'चोर' हे अक्षर दुसऱ्या पातळीत आहे. तो दुकानात जातो, "माझी छत्री इथे आहे का?" "नाही." तो शाळेत जातो, "माझी छत्री इथे आहे का?" "नाही." मग तो घरी जातो. प्रत्येक धड्याच्या शेवटी तो घरी जातो. पहिल्या पातळीत कुणाला दुसरं काही सुचतच नाही. जरा काही झालं की घरी.

दुपारी चारला मावशी गॅलरीत पुस्तक घेऊन बसायच्या. आधी एक ओळ चिनीत, मग तीच मालवणीत. हळूहळू ऐकायला बायका जमायला लागल्या. कुणी लसूण सोलतंय, कुणी वाटाणे. आठव्या दिवशी माझ्या मोजणीप्रमाणे दोनशे बायका होत्या. माझी बायको अकरा म्हणते. शाओ वांगची छत्री हा चाळीचा प्रश्न झाला. परबकाकूंचा ठाम संशय होता की छत्री त्याच्या धाकट्या बहिणीने नेली. "ती पाचव्या पानापासून गप्प हा," त्या म्हणायच्या. शेवटी छत्री दाराआडच सापडली, तेव्हा दोन बायका उठून न बोलता निघून गेल्या आणि चार दिवस आल्या नाहीत. त्यांची फसवणूक झाली होती.

भिंतीपलीकडून मीही इतकं ऐकलं की आजही मला चिनीत छत्री सर्वत्र विचारता येते. वाचता एक अक्षर येत नाही.

मावशींची कीर्ती शिवडीपर्यंत गेली, ती परबकाकांमुळे. ते गोदीतल्या एका गोदामातून निवृत्त झाले होते, पण पाय तिकडेच वळायचे. एकदा तिथे चीनहून आलेली चाळीस खोकी पडली होती. कागद हरवले, वर फक्त चिनी अक्षरं, आणि उचलायला कुणी धजेना. परबकाका मावशींना टॅक्सीत घालून घेऊन गेले. मावशींनी खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. सगळे हमाल, ड्रायव्हर, मुकादम श्वास रोखून. कॉटन ग्रीन स्टेशनापर्यंत शांतता पसरली होती.

"वरचो भाग खाली हा," मावशी म्हणाल्या. "आणि ह्यां लिवला हा, शाओ शिन."

"म्हणजे?"

"लहान काळीज."

मुकादम गोंधळला. मावशींनी समजावलं, "अरे, काळीज लहान झाला की माणूस कसो चलता? सांभाळून. तसा उचला."

त्या चाळीस खोक्यांना हमालांनी तान्ह्या बाळासारखं उचललं. एक दाढीवाला हमाल तर खोकं खाली ठेवल्यावर त्याला थोपटून आला. खोक्यांत काय होतं? बाथरूमचे नळ. पण एकही फुटला नाही.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, पण मावशींचा एक डोळा सतत टेबलावर असायचा. फोन उजळला की हातातलं काम थांबायचं. विहिणीच्या मेसेजातली अक्षरं त्यांना हळूहळू ओळखू यायला लागली. पहिल्या चार महिन्यांत 'तू', 'मी', 'चांगलं'. सहाव्या महिन्यात 'जेवण'. मग कळलं की विहीण दुसरं काही लिहीतच नाही. जेवलीस का. काय जेवलीस. मासे ताजे होते का. सासू काय करते. मावशी मला रोजचा अहवाल द्यायच्या, आणि त्यात हळूहळू एक बदल झाला. आधी 'ती बाई' असायची. मग 'तिची आई'. दुसऱ्या वर्षी 'विहीण'. एकदा म्हणाल्या, "आज विहिणीन काय्येक जेवलेला नाय असा दिसता. उजेड उशिरा पडलो."

एका अक्षराची मात्र त्या वाट बघत होत्या. वाट म्हणजे धास्तीच. चौकोनात चौकोन. परत फिरणं. आणि त्याच्या शेजारी छप्पर, छपराखाली डुक्कर, म्हणजे घर. दोन्ही मिळून 'घरी परत'. शाओ वांगने बासष्ट पानांत तेच चोवीस वेळा केलं होतं. पहिल्या पातळीत घोटून घोटून घेतलेलं अक्षर तेच, आणि फोनवर कधीच दिसू नये असं अक्षरही तेच.

ते एका मंगळवारी दिसलं.

दुपारची वेळ. लिन मोरीत कपडे धूत होती. मी मावशींकडे किसणी मागायला गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. यात माझं काही नाही. फोन उजळला. मावशी आमसुलाची सोलं वेचत होत्या. त्यांनी मान वळवली आणि तशीच ठेवली. ओठ हलत होते. उजेड विझला. त्यांनी सोलांची सुपली बाजूला केली.

"काय लिहिलंय, मावशी?"

"सगळा येना नाय. 'पाय' असा. 'इस्पितळ' असा. मगे ता," त्यांनी बोटाने हवेत चौकोन काढला, त्यात दुसरा. "पण त्याच्या आदी 'नको' असा. घरी येव नको."

मी किसणी विसरून म्हणालो, "मग सुटलात की! येऊ नको म्हणतेय!"

मावशींनी सुपली परत पुढे ओढली आणि वेचलेलीच सोलं पुन्हा वेचायला लागल्या.

लिन हात पुसत आली, फोन बघितला, चेहरा क्षणभर पांढरा झाला आणि लगेच जागेवर आला. "काय गे?" मावशींनी विचारलं.

"काय नाय, आई. माझी आई इचारता, जेवलंस काय."

दोन दिवस चार वाजताचं वाचन बंद. शाओ वांग दुसऱ्या पातळीत नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता, तो दारातच उभा राहिला. भिंतीपलीकडे मला फक्त बांगडे ऐकू येत होते, आणि दोन्ही दिवस ते करपले. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या खोलीत होतो आणि माझा कान भिंतीपासून फार लांब नव्हता.

"तुझी आई इस्पितळात हा," मावशी म्हणाल्या. "पाय मोडलो आसतलो तिचो. तू जा."

मग लिनचा आवाज, एकदम सपाट. "तुमी माझे मेसेज वाचतास?"

"हो."

"कदीपासून?"

"दोन वर्सां."

"दोन वर्सां!"

"पयल्या वर्सात जेवणाशिवाय काय्येक समजाक नाय."

यावर एक भांडं आपटल्याचा आवाज आला. कुणी आपटलं ते सांगता येत नाही. मग लिन चिनीत बोलायला लागली, भराभर, वरच्या पट्टीत, चारही सुरांत, आणि त्यात छत्री कुठेच नव्हती. ती दमली तेव्हा मालवणीवर आली. "माका वाटला तुमी माझ्यासाठी शिकतास."

"तुझ्यासाठीच शिकलंय. तू जाशीत म्हणून भियालंय, म्हणून शिकलंय."

"पण तिना लिवला हा, येव नको! तुमी वाचलास ना? येव नको!"

"वाचलंय."

"मगे?"

"आयशी तसाच लिवतत," मावशी म्हणाल्या. "संतोष तकडे चार वर्सां होतो. माका टायफाइड झालो तेवा मीय तसाच सांगितलंय. येव नको. आणि तो येवक नाय."

भिंतीपलीकडे लिन रडायला लागली. अलीकडेही कुणीतरी थोडंसं, पण त्याचं इथे काम नाही.

मग बॅग भरायचं काम सुरू झालं, आणि ते मावशींनी हातात घेतलं. म्हणजे बॅगेत कपडे कमी आणि विहिणीसाठी वस्तू जास्त. मालवणी मसाला, सोलं, कुळथाचं पीठ, तिरफळं. मोडलेल्या पायाला कुळथाची पिठी चांगली, असा त्यांचा निर्वाळा होता. त्यांनी विहिणीला चिठ्ठीही लिहिली, स्वतःच्या हाताने, पहिल्या पातळीतली अक्षरं वापरून. लिनने ती मला वाचून दाखवली. 'तुझी मुलगी चांगली आहे. ती तुझ्या घरी येते. तू जेव. मीही जेवते.' तीनशे अक्षरांत याहून जास्त बोलता येत नाही. मला मराठीत सगळी अक्षरं येतात, पण मलाही जमलं नसतं.

परत कधी येणार, हे लिन बोलली नाही. तिकीट एकाच बाजूचं होतं. विहिणीचा पाय केव्हा बरा होईल ते कुणाला माहीत? संतोष तिला तिकडेच भेटणार होता. आणि काम तर तिचं कुठूनही होत होतं. हे सगळं चाळीत सगळ्यांना कळत होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. आमच्या चाळीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं.

पुढे काय झालं, ते मला तीन जणांनी तीन तऱ्हेने सांगितलं आहे, म्हणून मी ते सांगणार नाही. त्याच आठवड्यात चाळ पुनर्विकासाला गेली, आम्ही कुठल्या कुठे पांगलो. मी थापा मारतो हे मान्य, पण स्वतःच्या. दुसऱ्यांच्या मारत नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या मावशी त्या सकाळच्या.

टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. टपावर बॅगा बांधल्या होत्या, आणि मसाल्याच्या वासाने ड्रायव्हर तीनदा शिंकला होता. लिनने वाकून नमस्कार केला. मावशींनी तिची पाठ थोपटली, केसांतून हात फिरवला, आणि ती काहीतरी बोलायला लागली तर तिला थांबवून टॅक्सीचं दार स्वतः लावलं. टॅक्सी पुलाकडे वळली. सगळी चाळ कठड्यांना टेकून उभी होती. मावशी तिथेच उभ्या होत्या, कंबरेवर हात, खानावळीत शेवटचं ताट उचललं गेल्यावर उभ्या राहायच्या तशा.

कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि न विचारण्याची ताकद परबकाकांमध्ये कधीच नव्हती. ते जवळ गेले, घसा खाकरला.

"मावशी, चेडू परत येतला मां?"

मावशींनी पुलाकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीही नाही.

"तां अजून माका वाचूक येना नाय," त्या म्हणाल्या.